बारावी सावली

माळावरच्या अकरा प्राचीन दगडांचं मॉडेल कॉम्प्युटरवर तपासता तपासता तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

"सर, दगड अकराच आहेत, पण सावल्या बारा पडतायत," ती फोनवर म्हणाली.

"स्कॅन करताना मध्ये कोणीतरी कडमडलं असेल. पुसून टाका."

"मीच उभी होते, सर. कालच मी मॉडेलमधून पुसलं मला."

तिने मॉडेलमध्ये तीन हजार वर्षांपूर्वीची पहाट पुन्हा लावली. सूर्य बरोब्बर दोन दगडांच्या मधोमध उगवला. बाराव्या सावलीने थकून मान चोळली.

तिचाही हात मानेवरच होता. तिने तो झटकन खाली घेतला. सावलीनेही घेतला.

पाठीमागच्या खिडकीतून दुपारचं ऊन आत आलं होतं. समोरच्या भिंतीवर ती बसली होती त्या खुर्चीची सावली पडली होती, नुसत्या रिकाम्या खुर्चीची.