बोथट सुरी

मी सुऱ्या जमवतो. बायको त्यांना हातही लावत नाही, भाजीसुद्धा मीच चिरतो. दगडावर धार लावायला मी एकाच माणसाला शिकवलंय, माझ्या जिगरी दोस्ताला. मागच्या कॅम्पला फांद्या तोडून मोठी सुरी पार बोथट झाली, म्हणून या वेळी ती घरीच ठेवली. दोस्तही आला नाही, कंबर धरली होती बिचाऱ्याची.

आज परतलो, ओट्यापाशी गेलो.

"दोन दिवस काय खाल्लंस गं?"

"ब्रेड-बटर. तुझ्या त्या सुऱ्यांना कोण हात लावणार बाबा! बोट जायचं माझं."

"कोणी आलं-बिलं होतं?"

"छे रे, कोण येतंय!"



मोठी सुरी टोमॅटोवर नुसती टेकवली, तर त्याचे अलगद दोन तुकडे झाले.