नव्या हाताची तालीम

यमुताईंचा नव्या कंपनीचा यांत्रिक उजवा हात चहाचा कप अलगद उचलायचा. तबल्यावर मात्र नुसता आपटायचा.

"आजी, जुन्या यांत्रिक हातात साठवलेलं वादन जुनी कंपनी या नव्या हातात येऊच देत नाही," नात केतकी कळवळली. "सगळा रियाज गेला गं!"

"वाजवणं माझं, आणि अडवणार ती मेली?" यमुताईंनी डाव्या हाताने मांडीवर ताल धरला. गुरुजींनी त्यांच्याकडूनही आधी बोलच पाठ करून घेतले होते. "धा धिं धिं धा..."

त्या बोल म्हणत नव्या हाताला तबल्यावर शिकवू लागल्या; हात चुकत राहिला, त्या त्याच्यावर खेकसत राहिल्या. दिवेलागणीला त्रिताल इतका स्वच्छ उमटला, की केतकी थक्क झाली.

"थांब, हे लगेच साठवून ठेवते!"

"हातात नको," यमुताई म्हणाल्या. "तू समोर बस. म्हण, धा धिं धिं धा."