हितेंद्रची घागर

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, सुमनबाई घरातल्या सगळ्या गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरायच्या. पण मुलगा हितेंद्र जाऊन तीन वर्षं झाली तरी त्याची घागर त्यांनी कधी भरली नाही. सावद्यात कोणी टोकलंच तर म्हणायच्या, "तो सगळा कुठी गेला? अर्धा अजून जळगावच्या दवाखान्यात हाये."

केमो सुरू होण्याआधी हितेंद्रचा आणि त्याच्या बायकोचा, मयुरीचा, एक गर्भ तिथं गोठवून ठेवला होता. त्याचं काय करायचं, ते आता एकट्या मयुरीनं सांगायचं होतं. सासूबाईंनी कधी विचारलं नाही. फक्त दवाखान्याचा फोन आला, की हातातलं काम टाकून त्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या.

यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी मयुरी जळगावहून आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"आई, मी नको म्हणून सही करून आले. एकटीला नाही जमणार मला."

सुमनबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "जेवून घे, व माय," एवढंच म्हणाल्या.

सकाळी देवघरापुढं हितेंद्रची घागर भरलेली होती. वर खरबूज, सांजोरी, आंबा. तिला टेकून एक मुठीएवढी घागर होती, पोरी भातुकलीत घेतात तशी. मयुरीनं वाकून पाहिलं.

"आई, हिच्यात दूध?"

"मंग? पानी प्याचं वय हाये का त्याचं?"