हलवलं की नक्कल केली?

मुलांनो, एक करा. खिडकीच्या काचेत दुसरी खिडकी आहे असं समजा, आणि त्या आतल्या खिडकीत एक दुकान. दुकानात कोणी नाही. फक्त एक मोर बसलाय आणि त्याला बाहेर यायचंय. दिसला? मग आता आखातातल्या खलिफा सिटीतल्या एका घरात चला, हळू पावलांनी. शुक्रवारची दुपार आहे. एसी घुमतोय, पडद्यातून पिवळसर उजेड गळतोय, आणि विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानाची सावली मधूनच भिंतीवरून सरकून जातेय.

त्या उजेडात केया आजोबांना टेकून बसली होती. टेबलावर दोन लॅपटॉप होते, एक नवा आणि एक जुना. केयाचे बाबा, विष्णू, नव्यापुढे कपाळाला हात लावून बसले होते.

आजोबांना सगळे अण्णासाहेब म्हणत. अजमानला त्यांचं भरतकामाचं दुकान होतं. नक्षी संगणकावर काढायची आणि यंत्राच्या सुईनं कापडावर उतरवायची. तो संगणक म्हातारा झाला, तेव्हा विष्णूंनी तो अख्खाच्या अख्खा लॅपटॉपच्या पोटात बसवला होता. एका संगणकात दुसरा; खराखुरा नव्हे, पण स्वतःला खराच समजणारा. आता तो लॅपटॉपही थकला होता. नुसता चालू ठेवला तर बरा असायचा, पण आतला संगणक जागा केला की तापून बंद पडायचा. म्हणून विष्णूंनी आतल्या संगणकाची फाइल नव्या लॅपटॉपवर आणली होती. मोर तिच्यातच होता. शिवानीआत्याच्या लग्नातल्या शेल्यावर उतरवायचा मोर, अण्णासाहेबांनी काढलेला शेवटचा. आता त्यांचा हात थरथरतो. पुन्हा तसा काढणं व्हायचं नाही.

फोन वाजला. दुकान आणि यंत्र विकत घेतलेली अजरा बोलत होती.

"अण्णासाहेब, शेला मशीन पे चढाके बैठी हूँ. मोर कब आएगा? कल से स्कूल युनिफॉर्म का काम चढेगा, फिर मशीन नहीं मिलेगी. खलास."

"इन्शाल्ला, आजच," अण्णासाहेब म्हणाले आणि त्यांनी मुलाकडे पाहिलं.

नव्या लॅपटॉपवर आतला संगणक जागा होण्याआधी एक प्रश्न विचारायचा: मला हलवलं, की माझी नक्कल केली? विष्णू दर वेळी 'नक्कल' दाबायचे. मग आतला संगणक नवी ओळख घेऊन जागा व्हायचा, खिडकी उजळायची, भरतकामाचं सॉफ्टवेअर डोळे किलकिले करायचं आणि म्हणायचं, 'हा संगणक माझ्या ओळखीचा नाही. लायसन्स दाखवा.' लायसन्स होतं, रीतसर विकत घेतलेलं, पण ते जुन्या संगणकाच्या नावावर. नवं मागावं तर कंपनीच कधीची बंद पडलेली. विष्णू पुन्हा ताजी फाइल आणायचे. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर.

"बाबा, व्हाय डू यू ऑलवेज प्रेस कॉपी?" केयानं विचारलं.

"कारण कॉपीच आहे ती. ओरिजिनल अजून जुन्या लॅपटॉपवर आहे." विष्णू थकून हसले. "इतकी वर्षं इथं सरकारी काउंटरपुढे उभा राहिलोय मी. व्हिसा, दाखले, भाडेकरार. ओरिजिनल की कॉपी, असं विचारलं की खरं तेच सांगायचं. खोटं सापडलं की फाइल बंद."

"म्हणजे काउंटर इथं घरातही आला," अण्णासाहेब म्हणाले.

केया भिंतीवरच्या सावलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, आपण अजमानहून इथं आलो तेव्हा कॉपी झालो की मूव्ह?"

"मूव्ह, गं."

"सो देअर इज नो अदर केया इन अजमान?"

"नाही. असती तर शाळेत तिलाच पाठवलं असतंस तू."

केया हसली नाही. तिनं जुन्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "देन डिलीट द ओल्ड वन. मग बाबांना खोटं बोलावं लागणार नाही."

विष्णू सावरून बसले. "आणि नव्यावर नाही उघडलं तर? मोर कायमचा गेला, केया."

एसी घुमत राहिला. भिंतीवरून आणखी एक विमान सरकलं. अण्णासाहेबांनी आपला हात जुन्या लॅपटॉपवर ठेवला.

"घर सोडायचं आणि चावी खिशात ठेवायची, तर ते सोडणं कसलं," ते म्हणाले. "केया, तूच काढून टाक."

केयानं जुन्यावरची फाइल शोधली. बोट टेकवण्याआधी ती थांबली. अजमानच्या घराला कुलूप लावताना आजोबा रिकाम्या खोल्यांकडे बघून काय म्हणाले होते, ते तिला आठवलं. 'जातो' म्हणायचं नसतं.

"येते हं," ती पुटपुटली. तिनं फाइल पुसून टाकली आणि झाकण लावलं.

मग विष्णूंनी नव्या लॅपटॉपवर 'हलवलं' दाबलं.

आतली खिडकी उजळली. तिच्यातलं घड्याळ क्षणभर अजमानमधलीच कुठली तरी जुनी दुपार दाखवत राहिलं. सॉफ्टवेअरनं या वेळी काहीच विचारलं नाही. काळ्या पडद्यावर टाक्याला टाका लागत निळी मान वर आली, आणि तिच्यामागून पिसारा. अण्णासाहेब टाके मोजत बसले. फोन विष्णूंनीच लावला.

"अजरा बहन, आ रहा है."

केयाचं तिकडे लक्ष नव्हतं. तिनं जुन्या लॅपटॉपचं झाकण हळूच उचललं आणि आत डोकावून पाहिलं, कोणी मागं राहिलं तर नाही ना.