उजळलेलं पोस्टर

हवाबी मुरुडची सिद्दी. पूर्वज आफ्रिकेतून कोकणात आलेले. आता राहायला मस्कतला, तिथे शेजारच्या फ्लॅटमधली पूर्वा तिची जिवाभावाची मैत्रीण. अमेरिकेतल्या वर्णद्वेषविरोधी आंदोलनाला पाठिंबा म्हणून पोस्टरांचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा पूर्वाने आपल्या पोस्टरसाठी हवाबीचाच फोटो काढायचं ठरवलं. “तुझ्यासारखाच चेहरा हवा गं.” एरवी फोटोत मागे लपणारी हवाबी त्या दिवशी कॅमेऱ्याकडे बघून मनापासून हसली. प्रदर्शनाला ती धाकट्या लेकीला, सिदराला घेऊन मस्कतमधल्याच कुरुम भागातल्या हॉलवर गेली. दारातच मोठं पोस्टर होतं, ‘माझा रंग, माझा अभिमान’. “अम्मी, ही कोण?” सिदराने विचारलं. हवाबी पाहतच राहिली. डोळे तिचे, हसू तिचं, रंग मात्र गव्हाळ. “फोटो थोडा उजळ केला,” पूर्वा कौतुकाने म्हणाली, “अगदीच काळा येत होता. किती गोड दिसतेस बघ.” हवाबीने तिच्याकडे पाहिलं नाही. “पूर्वामावशीच्या ओळखीची आहे कुणीतरी,” सिदराला सांगून ती निघाली.