डावीकडे अर्धं बोट

तिसरी मुलगी वसतिगृहाच्या फाटकातून बाहेर आली, तेव्हा सलूनवाल्याने हातातली पिशवी खाली ठेवली. हिचेही केस डावीकडे अर्धं बोट लांब होते.

पहिली दिसली तेव्हा त्याला योगायोग वाटला. दुसरी दिसली तेव्हा वाटलं, प्रवासाने डोळे तारवटलेत. पण केसांच्या बाबतीत त्याची नजर तीस वर्षांत कधी चुकली नव्हती. हात मात्र रोज चुकायचा. डाव्या हाताचं मधलं बोट एकदा दुकानाच्या शटरमध्ये सापडलं, ते पुन्हा नीट वळलंच नाही. त्या बोटात केस धरून कापले की डावी बाजू लांब राहायची. गावात दुकान एकच, त्यामुळे अख्खं गाव तसंच दिसायचं. लोक म्हणायचे, "परगावी हरवलो तरी काळजी नाही. डोकं बघून कोणीही घरी आणून सोडेल."

पण हे शहर गावापासून एका रात्रीच्या अंतरावर होतं, आणि इथे तो जन्मात पहिल्यांदा आला होता. मुलीला घरी न्यायला.

विद्यापीठात येऊन तिला पाच महिने झाले होते. पहिले दोन महिने त्याने पैसे पाठवले. तिसऱ्या महिन्यात तिने कळवलं, पाठवू नका, भागतंय. चौथ्या महिन्यात तेच. पाचव्यातही तेच. शेजारचा शिंपी म्हणाला, "मोठ्या शहरात राहते आणि पैसे नको म्हणते? एक तर पोरगी उपाशी राहत असेल, नाहीतर वर्ग बुडवून कुठेतरी राबत असेल." तेव्हापासून सलूनवाल्याला घास गोड लागेना. पोरीला शिकवा, एवढं एकच बायको जाताना सांगून गेली होती. उपाशी ठेवून शिकवा, असं काही ती म्हणाली नव्हती.

फाटकाशी स्टुलावर बसलेली पहारेकरीण त्याला मघापासून न्याहाळत होती.

"कोणाला भेटायचंय ते नंतर सांगा दादा," ती म्हणाली. "आधी ते टोपीतून बाहेर आलेलं रान कापून घ्या. आत सोडायला मलाच भीती वाटतेय."

सलूनवाल्याने टोपी खाली ओढली. दीड वर्ष त्याच्या केसांना कात्री लागली नव्हती. दिव्याखाली अंधार, म्हणून गिऱ्हाइकं चिडवायची. त्याचे केस बायको कापायची, महिन्यातून एकदा, अंगणात बसवून. तिच्याही हातून डावी बाजू लांबच राहायची. "तुझा हात वाकडा आहे," तो म्हणायचा. ती नुसती हसायची, आणि उठायच्या आधी त्याच्या डाव्या कानाशी एक बोट टेकवायची. तेवढाच लाड, असं त्याला वाटायचं. ती गेल्यावर तो दुसऱ्या कोणापुढे बसलाच नाही.

"बारा नंबरच्या खोलीत एक पोरगी आहे," पहारेकरीण सांगत होती. "झकास कापते. डावीकडे जरा लांब ठेवते, नवी फॅशन आहे म्हणे. हे बघा, माझेही तिनेच कापलेत. पैसा घेत नाही, पण वस्ताद आहे हो. एकीकडून पुस्तकं मिळवली, एकीकडून सायकल. दोन वेळचा डबा माझ्याकडून."

"म्हणजे जेवते ती?"

"जेवते? माझ्या ताटातलंसुद्धा उचलते."

"आणि अभ्यास?"

"चाचणीत वर्गात दुसरी आली. पहिल्या आलेलीच्या वह्या हव्यात, म्हणून आता तिच्या डोक्यावर डोळा आहे हिचा."

एवढ्यात ती पोरगी जिन्यावरून खाली आली. खांद्यावर टॉवेल, हातात कात्री, मागे आरसा घेतलेली एक मैत्रीण. समोर बाप दिसला तशी कात्री पाठीमागे गेली. पण सलूनवाल्याने ती ओळखली होती. बायकोची कात्री. दीड वर्ष तो घरभर शोधत होता ती.

"बाबा, तुम्ही?"

"कात्रीला हात लावायचा नाही, असं कोणी सांगितलं होतं?"

"तुम्ही."

"मग निदान बोट तरी सरळ धर. माझं बघून शिकलीस ते दिसतंय. पण बोट माझं मोडलंय. तुझं काय झालंय?"

मुलगी हसली. "तुमच्याकडून कुठली शिकतेय? दुकानात पाऊल टाकू द्यायचात का? आईने शिकवलं. आजारी होती तेव्हा, पलंगावर बसून. झाडूवर."

"म्हणून त्या वर्षी झाडू आखूड व्हायचे?"

"पाच झाडू संपवले. एकच कापणं येतं मला, तेही तुमच्यासाठी शिकवलेलं. पण तुम्ही डोकं पुढे कराल तर ना."

पहारेकरीण स्टुलावरून उठली आणि तिने स्टूल त्याच्याकडे सरकवलं. सलूनवाल्याने टोपी काढली. ते जंगल बघून आरसेवाली मैत्रीण दोन पावलं मागे सरली, आणि तो दीड वर्षात पहिल्यांदा मोठ्याने हसला.

मुलीचा हात हलका होता. कात्री सरसर चालत होती. केसांचा ढीग पायाशी पडत गेला. आरशात डावी बाजू उजवीपेक्षा लांब दिसू लागली, तसा तो म्हणाला, "आईसारखाच हात वाकडा तुझा."

कात्री थांबवून मुलीने त्याच्या डाव्या कानाशी एक बोट आडवं टेकवलं. सलूनवाला स्टुलावर ताठ झाला.

"हे काय करतेस?"

"माप घेते. आई घ्यायची तसं. ती म्हणायची, डावीकडे अर्धं बोट मोजून ठेवायचं. सगळं गाव वाकडं आणि कापणारा तेवढा सरळ दिसला, तर लोक तुझ्या बाबांना हसतील."