कामाचं तेवढं

जिनिव्हाच्या प्रयोगशाळेतल्या भुयारात शास्त्रज्ञ सांडू सूक्ष्म कणांच्या टकरी घडवायचा. पदार्थ मुळात कशाचा बनलाय, ते त्या टकरींतूनच कळायचं. पण सेकंदाला कोट्यवधी टकरी! कामाच्या वाटतील तेवढ्यांच्या नोंदी ठेवून यंत्र बाकीच्या तिथल्या तिथं पुसून टाकायचं.

"पुसलेल्यातच कायतरी कामाचं आसलं मंग?" सोयगावहून मायनं एकदा विचारलं होतं.

"ते कधीच कळत नाय, माय," तो हसला होता.

लिहिता न येणारी माय फोनवर दिवसाला दहा निरोप बोलून धाडायची. ऐकायला सवड कुणाला? त्यानं सोय करून ठेवली: सात दिवसांनी सगळे आपोआप पुसले जायचे.

 

मायच्या तेराव्याला बहिणीनं विचारलं, "जीव जाताना फोन तोंडाशी धरून तुलाच कायतरी सांगत होती. काय म्हनली रं, भाऊ?"